वॅट, चॅनेल आणि दहा बाय सोळाचा हॉल

दसरा-दिवाळी जवळ आली की ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी एक प्रश्न हमखास कानावर येतो. नव्या फ्लॅटचं पझेशन मिळालेलं असतं, पासष्ट इंची टीव्ही भिंतीवर चढलेला असतो आणि त्या पासष्ट इंचांच्या पाठीमागून येणारा पिचका आवाज ऐकून मालकाचा जीव कासावीस झालेला असतो. मग तो विचारतो, "होम थिएटर करायचंय, रिसीव्हर कुठला घेऊ?" यावर माझं ठरलेलं उत्तर असतं, "हॉल केवढा आहे? आणि सोफा कुठे ठेवलायस?" समोरच्याला वाटतं, मी प्रश्न टाळतोय. त्याने चार मॉडेलं शॉर्टलिस्ट केलेली असतात, एक्सेल शीट तयार असते, शीटमध्ये वॅटचा कॉलम असतो, चॅनेलचा कॉलम असतो. (आपल्या लोकांना एक्सेल शीट केल्याशिवाय लग्नाची मुलगीसुद्धा पसंत करता येत नाही, तिथे रिसीव्हरचं काय घेऊन बसलात.) हॉलचा कॉलम मात्र कुणाच्याच शीटमध्ये सापडत नाही.

माझं मत सरळ आहे. आपल्याकडच्या टू बीएचकेच्या हॉलसाठी रिसीव्हर सगळ्यात शेवटी निवडावा, लहान निवडावा, आणि वॅट व चॅनेल हे दोन आकडे जवळजवळ विसरून निवडावा. वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घालावेत. हे मत दुकानदारांना आवडत नाही, हे उघड आहे.

ज्यांना रिसीव्हर म्हणजे नक्की काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सेट टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, स्ट्रीमिंग स्टिक यांच्या एचडीएमआय वायरी ज्यात येऊन मिळतात, जो डॉल्बी किंवा डीटीएसचा ट्रॅक उलगडतो आणि पाच-सात स्पीकरांना ज्याची त्याची ताकद पुरवतो, तो हा आठ-दहा किलोचा काळा डबा. चौथं काम खोलीचा आवाज मोजून दुरुस्त करण्याचं. माझ्या मते पैसे खरे त्या चौथ्या कामाचे मोजायचे असतात. त्याबद्दल पुढे बोलूच.

आधी वॅटचं भूत उतरवू या. आपल्या पिढीने लहानपणी पीएमपीओ नावाचा प्रकार पाहिलाय. चपलेच्या खोक्याएवढ्या टू-इन-वनवर हजार वॅट पीएमपीओचा सोनेरी स्टिकर, आणि मागच्या प्लेटवर लिहिलेलं असायचं की हे यंत्र भिंतीतून जेमतेम पन्नास-साठ वॅट खातं. पन्नास वॅट खाऊन हजार वॅट ओकणारं यंत्र खरंच असतं तर महावितरणची गरजच संपली असती. आता पीएमपीओ हा शब्द चारचौघांत कुणी उच्चारत नाही, पण वृत्ती तीच आहे, फक्त भाषा सभ्य झाली. हल्ली खोक्यावर ठळक अक्षरांत '१७५ वॅट प्रति चॅनेल' असं काहीतरी असतं. तोच रिसीव्हर मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर पाहिला तर '८० वॅट' म्हणतो. दोन्ही आकडे आपापल्या परीने खरेच असतात. फरक असतो तो बारीक अक्षरांत. ८० वॅट म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात, ०.०८ टक्के विकृती ठेवून, दोन चॅनेल एकदम चालवून. १७५ म्हणजे ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्झच्या एका शिट्टीवर, १० टक्के विकृती चालवून घेऊन, एकच चॅनेल चालवून. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरची लोड टेस्ट एका युजरवर घ्यायची, त्याला होमपेज दाखवायचं आणि क्लायंटला सांगायचं की बघा, रिस्पॉन्स टाइम किती झकास आहे.

आणि दोन चॅनेलचा आकडासुद्धा पाच किंवा सात चॅनेलला लागू नाही. सगळ्यांना मिळून पॉवर सप्लाय एकच असतो, त्यामुळे पाचही स्पीकर एकदम जोरात मागायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला बरंच कमी येतं. ही बनवाबनवी काही नवी नाही. अमेरिकेत १९७४ सालीच तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला ॲम्प्लिफायरच्या वॅटविषयी नियम करावा लागला होता, आणि २०२४ साली तो पुन्हा घट्ट करावा लागला: ८ ओहम, पूर्ण पट्टा, विकृती १ टक्क्याच्या आत. म्हणजे पन्नास वर्षं झाली तरी मांजर-उंदराचा खेळ चालूच आहे. तर पहिला नियम: खोक्यावरचा आकडा वाचायचाच नाही. मॅन्युअल नेटवरून उतरवायचं आणि शेवटच्या पानावर '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' हे शब्द शोधायचे. सापडले नाहीत तर तो रिसीव्हर तिथेच ठेवायचा.

बरं, वॅट खरे असले तरी लागतात किती? हे बारावीच्या लॉगॅरिदमचं गणित आहे, आणि ते करून बघायला मजा येते. बऱ्यापैकी बुकशेल्फ स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे एका वॅटमध्ये एक मीटरवर ८८ डेसिबल. सोफा तीन मीटरवर धरला तर कानाशी साधारण ८० डेसिबल पोचतात. एका वॅटमध्ये! ८० डेसिबल म्हणजे घरात दुसऱ्याशी बोलायला आवाज चढवावा लागेल इतकं. ताकद दहापट केली की १० डेसिबल वाढतात. म्हणजे ९० डेसिबलच्या दणक्याला दहा वॅट. चित्रपटगृहाचं जे प्रमाण मानलं जातं त्यात प्रत्येक मुख्य चॅनेलचे दणके १०५ डेसिबलपर्यंत जातात. तिथे पोचायला आपल्या या स्पीकरला तीनशेच्या वर वॅट लागतील, जे रिसीव्हरकडे नाहीत आणि स्पीकरला सोसणारही नाहीत. पण फ्लॅटमध्ये त्या प्रमाणावर सिनेमा बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पाहिला असता तर त्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही पाहिलं असतं. घरी आपण त्याच्या पंधरा-वीस डेसिबल खालीच ऐकतो. मग हिशेब तीन ते दहा वॅटांवर येतो. आणि त्या एक्सेल शीटमध्ये ८० वॅटवाल्याला बाद करून १०० वॅटवाला निवडताना जो फरक विकत घेतला जातो, तो एक डेसिबलसुद्धा नसतो.

त्यातही जड काम, म्हणजे खालचा घुमारा, आपण सबवूफरकडे सोपवतो, आणि त्याच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करून ८० हर्ट्झला तोडलं की रिसीव्हरच्या डोक्यावरचा बराच भार उतरतो. पुष्कळ लोकांना 'स्मॉल' या शब्दाचा अपमान वाटतो. चाळीस हजारांचे टॉवर घेतले आणि त्यांना स्मॉल म्हणायचं? म्हणायचं. तो फक्त एका फिल्टरचा स्विच आहे, तुमच्या ऐपतीवरची टिप्पणी नव्हे.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचंय तो मुद्दा. घरात होम थिएटर आणायचं कारण विचाराल तर माणसं हेलिकॉप्टर आणि स्फोट सांगतात. खरं कारण घरातल्या इतरांना विचारा. "काय बोलतात तेच कळत नाही," हे वाक्य ज्या घरात रोज रात्री ऐकू येत नाही असं घर दाखवा. आईच्या हातात रिमोट असतो, पुटपुटणारा नायक आला की आवाज वीसवरून अठ्ठावीस, गाणं किंवा गोळीबार आला की धावपळ करून अठ्ठावीसवरून चौदा. वयाने कान थोडे मंदावलेले असतील तर विचारूच नका. ती माणसं हळूहळू सिनेमा बघायचंच सोडतात, "तुम्ही बघा, मी आत पडते" म्हणून उठून जातात. याचं मूळ त्यांच्या कानात कमी आणि टीव्हीत जास्त असतं. ५.१ च्या ट्रॅकमध्ये संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलमध्ये असतात, स्वतंत्र. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड केलेले. मग तो मधला चॅनेल डाव्या-उजव्यात कालवला जातो, त्यातच पार्श्वसंगीत, त्यातच पाऊस, त्यातच गाड्या. वरणभातात लोणचं, ताक आणि श्रीखंड एकत्र कालवून खायला दिल्यावर तक्रार कसली करायची?

म्हणून माझ्या लेखी रिसीव्हरचा पहिला उपयोग हा, की तो संवादांना त्यांची जागा परत देतो. एक धड सेंटर स्पीकर, डाव्या-उजव्याच्याच मालिकेतला. तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात खोल ढकलून ठेवायचा नाही, कडेला आणून तोंड किंचित वर, सोफ्यावरच्या कानांकडे करायचं. रिसीव्हरमध्ये सेंटरची पातळी दोन डेसिबलने वाढवायची. रात्री डायनॅमिक व्हॉल्यूम किंवा नाइट मोड चालू करायचा. डॉल्बीच्या ट्रॅकमध्येच लहान-मोठ्या आवाजातलं अंतर आवळण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात, रिसीव्हर त्या पाळतो. पुढचे तीन स्पीकर, एक सबवूफर आणि हे एवढं सेटिंग. मागचे दोन स्पीकर सहा महिन्यांनी घेतले तरी चालतात. आई सिनेमा संपेपर्यंत बसून राहिली, तर रिसीव्हरचे निम्मे पैसे वसूल झाले असं समजायला माझी हरकत नाही.

आता हॉलकडे येऊ. आपला ठरावीक बिल्डर-हॉल बघा. दहा फूट बाय सोळा फूट, छत साडेनऊ फुटांवर. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, उरलेल्या भिंती नुसत्या प्लास्टरच्या. आवाजाच्या दृष्टीने ही मोठी बाथरूमच. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक खालचे सूर अडकून घुमतात, आणि ते कुठले हे खोलीच्या मापावरून काढता येतं: आवाजाचा वेग भागिले मापाच्या दुप्पट. सोळा फुटांना ३५ हर्ट्झ, दहा फुटांना ५६ आणि साडेनऊ फूट उंचीला ५९. ५६ आणि ५९ किती जवळजवळ आले बघा. म्हणजे रुंदी आणि उंची दोघी मिळून एकाच सुराला डोक्यावर घेतात. 'माझा सबवूफर नुसता बूम-बूम करतो' ही तक्रार घेऊन माणसं सबवूफर बदलतात, कंपनी बदलतात, आणि बूम तिथेच राहते, कारण ती सबवूफरच्या खोक्यात नसते, खोलीच्या मापात असते.

सोफ्याचंही तसंच. सोफा मागच्या भिंतीला घट्ट टेकलेला असेल (आपल्याकडे असतोच, कारण पुढून स्वयंपाकघराकडे जायचा रस्ता असतो) तर तिथे हे घुमणारे सूर सर्वात जास्त. सोफा बरोबर मध्यावर आणला तर ३५ हर्ट्झचा सूर तिथे जवळजवळ गायब. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेतला तरी फरक स्वच्छ ऐकू येतो, आणि त्याला शून्य रुपये लागतात. घरातली वाटाघाट लागते, ती ज्याची त्याने करावी. जाड गालिचा, जड पडदे आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट ही तीन साधनंसुद्धा वरच्या सुरांसाठी दुकानातल्या कुठल्याही 'ॲकॉस्टिक पॅकेज'च्या आधी करून बघण्यासारखी आहेत.

एवढं करून जे उरतं ते रिसीव्हरमधली खोली-दुरुस्ती निस्तरते. खोक्यात एक छोटा माइक येतो. तो सोफ्यावर वेगवेगळ्या जागी ठेवायचा, रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून चिवचिवाट करतो, ऐकतो आणि अंतर, पातळी, फिल्टर सगळं स्वतः ठरवतो. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपीएओ, ओन्क्योमध्ये ॲक्यूईक्यू. काही ओन्क्यो आणि पायोनियरमध्ये डिरॅक लाइव्ह सोबत येतं, डेनॉन-मरांट्झच्या वरच्या मॉडेलांत ते वेगळे पैसे मोजून घ्यावं लागतं. यांच्यात डावं-उजवं आहे. ऑडिसीचीच साधी आवृत्ती आणि एक्सटी३२ यांत फिल्टरच्या बारकाव्याचा मोठा फरक आहे, आणि हा फरक वीस वॅटांसारखा कागदी नाही, कानाला कळणारा आहे. स्वस्त रिसीव्हर सोडून एक पायरी वर चढायचं माझ्या मते हे एकमेव चांगलं कारण. मात्र दुरुस्ती उंचवटे कापते, खड्डे बुजवत नाही. सोफा जर ३५ हर्ट्झच्या खड्ड्यात असेल तर तिथे दहा डेसिबल ओतायला दहापट ताकद लागते आणि खड्डा तरीही खड्डाच राहतो. तिथे सोफाच हलवावा लागतो. हे फर्मवेअर अपडेटने होत नाही.

चॅनेलांचं पुराण थोडक्यात आटपतो. ७.२, ९.२, ११.४ असे आकडे वाढत जातात आणि किंमत त्याहून जोरात. सात चॅनेलच्या मांडणीत शेवटचे दोन स्पीकर डोक्याच्या मागे हवेत. सोफा भिंतीला टेकलाय. मग ते ठेवणार कुठे, शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये? ५.१ मध्ये मागचे म्हणवले जाणारे स्पीकर खरं तर बाजूचे असतात, साधारण ९० ते ११० अंशांत, म्हणजे कानांच्या रेषेत किंवा किंचित मागे. एका बाजूला काचेचं दार असतं, तिथे भिंतच नाही, म्हणून स्टँड आणावा लागतो. आणि कामवाल्या मावशींची फडक्याची फेरी त्या स्टँडवरून रोज जाणार हे लक्षात ठेवून जड बुडाचाच आणावा. ॲटमॉस २०१२ साली 'ब्रेव्ह' या सिनेमाबरोबर थिएटरात आलं आणि २०१४ पासून घरच्या रिसीव्हरांत. डोक्यावरून पाऊस पडतो तेव्हा मजा येते, नाही असं नाही. पण आपल्या डोक्यावर आरसीसीची स्लॅब असते. फॉल्स सीलिंगचं काम चालू असेल तर दोन वायरी आत्ताच टाकून ठेवा, पुढे कधीतरी ५.१.२ करता येईल. भाड्याच्या घरात असाल तर तो विषय सोडा. वर तोंड करून छतावर आवाज आपटवणारे स्पीकरही मिळतात. सपाट, उघड्या छताखाली ते बऱ्यापैकी चालतात. पीओपीच्या नक्षीखाली आणि फिरत्या पंख्याच्या संगतीत मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

शिवाय आपण ऐकतो काय, हेही एकदा प्रामाणिकपणे मोजावं. यूट्यूब, बातम्या, मालिका, जुने मराठी सिनेमे: बहुतेक सगळं स्टिरिओ. नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी ५.१ मिळतं, तेही डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबून. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने आवाजाचा दर्जा वाढवला तेव्हा ५.१ साठी कमाल ६४० आणि ॲटमॉससाठी ७६८ किलोबिट असे आकडे दिले होते. ब्ल्यू-रे डिस्कवरचा आवाज जसाच्या तसा असतो आणि याच्या कित्येक पट जागा खातो, पण आपल्यापैकी डिस्क विकत घेणारे किती? डॉल्बी डिजिटल प्लस साध्या एआरसीवरूनही जातं. ईएआरसीची खरी गरज डिस्कच्या किंवा कन्सोलच्या न दाबलेल्या आवाजाला. नवा टीव्ही घेताना ईएआरसी बघून घ्या, म्हणजे सगळ्या वायरी टीव्हीला लावून आवाज एकाच वायरीने रिसीव्हरला देता येतो.

याचा एक मोठा फायदा असा की रिसीव्हरवर लावलेल्या '८के'च्या स्टिकरला किंमत द्यावी लागत नाही. २०२० साली एचडीएमआय २.१ वाले पहिले रिसीव्हर आले तेव्हा डेनॉन, मरांट्झ, यामाहाच्या अनेक मॉडेलांतली चिपच सदोष निघाली. एक्सबॉक्स सीरिज एक्सचं ४के, १२० हर्ट्झचं चित्र त्यातून जाताना पडदा काळा व्हायचा. कुणी दुरुस्तीसाठी वेगळा डबा दिला, कुणी आतला बोर्ड बदलून दिला. ज्यांनी कन्सोल थेट टीव्हीला लावला होता त्यांना काही पत्ताही नव्हता. कुठल्याही गोष्टीची पहिली रिलीज विकत घेऊ नये हे आपल्याला धंद्यात माहीत असतं, दुकानात गेल्यावर आठवत नाही एवढंच.

याच कारणाने पैशांची वाटणीही मी उलटी करतो. लाखभराचं बजेट असेल तर रिसीव्हरला फार तर तिसरा हिस्सा. वीस वर्षांपूर्वीचा चांगला स्पीकर आजही तितकाच चांगला वाजतो. वीस वर्षांपूर्वीचा रिसीव्हर आजच्या टीव्हीशी बोलूही शकत नाही. कंपन्यांचंही बघा. ओन्क्योचा होम एंटरटेनमेंट व्यवसाय २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि ब्रँड दुसऱ्यांकडे गेला. डेनॉन-मरांट्झही गेल्या दशकात एकापाठोपाठ मालक बदलत आलेत. म्हणून मॉडेल निवडण्याआधी आपल्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का आणि ते फोन उचलतं का, हे मी आधी बघतो. गेल्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर तेच घ्यावं.

यात एक खास आपल्या जमातीचा मोह आहे: ऑनसाइटवरून आणणे. "तिकडे निम्म्या किमतीत मिळतो रे, येताना घेऊन येतो." तेवीस किलोच्या बॅगेतले दहा किलो डबा खातो, घरच्यांच्या खरेदीवर गदा येते ती वेगळीच. पण मुख्य म्हणजे अमेरिकेतले रिसीव्हर साधारणपणे फक्त १२० व्होल्टचे असतात. लॅपटॉपच्या चार्जरसारखे ते कुठेही चालत नाहीत. इथल्या २३० व्होल्टमध्ये घातला की एक 'फट्' आणि जळका वास. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो. मग कोपऱ्यात तो पाच-सात किलोचा ठोकळा कायमचा हुंगहुंगत बसतो आणि वॉरंटी सातासमुद्रापार राहते. वाचलेल्या पैशांत हे सगळं धरून बघा.

दुकानातल्या डेमोबद्दल एकच सांगतो: स्वतःचं सामान घेऊन जा. तिथली खोली गालिचा-पॅनेल लावून मऊ केलेली असते आणि लावतात ते विमान किंवा रेसिंग कार. विमान कुठल्याही सेटवर भारीच वाजतं. 'तुंबाड' (२०१८) मधला पावसातला एखादा संवाद लावायला सांगा आणि डोळे मिटून प्रत्येक शब्द कळतोय का बघा. 'सैराट'च्या (२०१६) गाण्यांसाठी अजय-अतुलनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खरा ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला होता. ती गाणी साध्या स्टिरिओत, सबवूफर बंद करून ऐका. व्हायोलिनांचा थवा वेगवेगळा ऐकू आला तर स्पीकर धड आहेत. तो कल्ला झाला तर वर कितीही चॅनेल चढवा, काही होणार नाही. आणि डेमोनंतर विक्रेता हळूच पाच आकडी किमतीची स्पीकर वायर पुढे सरकवेल, तेव्हा ओहमचा नियम आठवा. घरच्या वायरिंगला वापरतात तसली २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर दहा मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.१४ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे दोन टक्केही नाही. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत मीटरवर मिळते.

ज्यांचा अकरा महिन्यांचा करार आहे आणि दरवर्षी टेम्पो बोलवावा लागतो त्यांनी यातलं काहीच करू नये. मधला चॅनेल खरोखर वेगळा असलेला आणि सोबत सबवूफर येणारा साउंडबार घ्यावा, सुखी राहावं. मी हे कमीपणाने म्हणत नाहीये. संवाद कळायला लागतात, आणि घर बदलताना एका चादरीत गुंडाळून नेता येतं.

आणि शेजारी. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. वरचे सूर दारं-खिडक्या लावल्या की बऱ्यापैकी अडतात. खालचे सूर मात्र स्लॅबमधून आणि कॉलममधून थेट खालच्या मजल्यावर उतरतात, आणि तिथे एखादं तान्हं बाळ किंवा पहाटे उठणारे आजोबा असतात. सबवूफरखाली जाड रबराचं किंवा फोमचं बूड द्या, कोपऱ्यातून बाहेर काढा, रात्री दहानंतर त्याची पातळी सहा डेसिबलने उतरवा. सबवूफर आणल्यावर पहिल्याच रविवारी खाली जाऊन "त्रास होतो का हो काका?" असं विचारून, आपला मोबाइल नंबर देऊन आलात तर पुढची दोन वर्षं सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघत नाही.

रिसीव्हर बंद कपाटात, शोकेसच्या काचेमागे ठेवू नका. तो चांगलाच तापतो, वर एक वीतभर मोकळी जागा लागते. आणि तो माइकवाला कार्यक्रम रविवारी पहाटे साडेपाचला उरका, पंखे बंद करून, खिडक्या लावून. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवायचा नाही, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, पहिली जागा बरोबर मधली. बाकीच्या जागा तिच्या आजूबाजूला हात-दीड हातावर. आतल्या खोलीतून कुणीतरी "हे चिमण्यांसारखं काय वाजतंय सकाळी सकाळी?" असं ओरडेल, तेवढं माप पुन्हा घ्यायचं. कुकर लागायच्या आत आठही जागा होतात.